आबासाहेब चुकले होते

प्रिय रेवती आणि निखिल,

रेवतीचे मागचे पत्र मी उशाशी ठेवले आहे. ती ज्या कचेरीत काम करते तिथे शिक्षा झालेल्या कैद्यांचे अर्ज येतात आणि पुष्कळ अर्जांत तक्रार एकच असते: माझ्या वकिलाने माझा बचाव नीट केला नाही. रेवतीने विचारले आहे, "आजी, तुमच्या काळी वऱ्हाडात असे कोणी म्हणू शकत होते का? आणि म्हटले तर कोणी ऐकून घेत होते का?"

एका ओळीत उत्तर देऊन मोकळी झाले असते. पण मग एका माणसाचे नाव गाळावे लागले असते, आणि ते नाव आमच्या घरात आजवर पुष्कळदा गाळले गेले आहे. त्यांचा विषय निघाला की माझे बाबा चष्मा पुसायला घेत आणि आई "दूध उतू जाईल" म्हणून आत जाई. त्यांना जवळून पाहिलेली आता मी एकटीच उरले आहे. माझा हात अजून चालतो आहे, तोवर लिहून ठेवते.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेले होते. अमरावतीला आमचे आणि आबासाहेबांचे घर शेजारी शेजारी. मधल्या भिंतीत एक ठेंगणे दार होते, ते दिवसभर उघडे असे. दोघेही वकील. बाबा दिवाणी कामे करत, आबासाहेब फौजदारी. आम्ही मुले त्यांना आबाकाका म्हणत असू.

ते बुटके होते, पण कोर्टात उभे राहिले की कोणाला तसे वाटत नसे. काळा अल्पाकाचा कोट, डोक्याला जरीकाठी रुमाल आणि तोंडात कायम लवंग. उलटतपासणीची तालीम ते सकाळी गोठ्यात, चंद्री नावाच्या म्हशीसमोर करत. "तू म्हणतेस, त्या वेळी तू दाव्याला बांधलेली होतीस. ठीक. मग शेजारच्या वकीलसाहेबांच्या परसातली मेथी कोणी खाल्ली? माझ्याकडे बघ. शेपटी हलवू नकोस, उत्तर दे!" आम्ही भिंतीपलीकडे हसून लोळत असू. बाबा ओरडत, "आबा, साक्षीदार फितूर आहे रे, तुझीच वैरण खातो!"

त्यांचे एक वाक्य बाररूममध्ये प्रसिद्ध होते. नवे वकील ते एकमेकांना ऐकवत. "ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही तो प्रश्न कोर्टात विचारू नये, आणि घरात तर मुळीच विचारू नये."

दुसरी प्रसिद्धी त्यांच्या मर्यादेची. स्वतःच्या घरात शिरतानाही ते फाटकापाशी खाकरत, म्हणजे बायकांना पदर सावरायला वेळ मिळावा. रस्त्यात ओळखीची बाई समोरून आली तर दुकानातल्या पाट्या वाचू लागत. कोर्टात साक्षीला बाई आली की आधी तिला पाणी द्या, बसायला स्टूल द्या, असा त्यांचा हट्ट असे. एकदा हिवरखेडची एक म्हातारी त्यांच्या पक्षाविरुद्ध धडधडीत खोटी साक्ष देऊन गेली. आबाकाकांनी दोन-तीन मवाळ प्रश्न विचारले आणि बसले. त्यांचा पक्षकार बाहेर येऊन कपाळ बडवू लागला. "अजी वकीलसाहेब, ते बुढी सर्रास खोटी बोलून राहिली ना! तुमी गप काहून बसले?"

"मला कळत होतं," आबाकाका म्हणाले. "पण चारचौघांत खोटारडी हा शब्द तिने माझ्या तोंडून का ऐकावा?"

पक्षकार खटला हरला. ही गोष्ट आमच्या घरी कौतुकाने सांगत, आणि मीही मैत्रिणींना तशीच सांगितली आहे.

त्यांच्या या वागण्याचे मूळ त्यांच्या घरातच होते. त्यांची थोरली बहीण, आक्का, कळत्या वयाआधीच विधवा झाली होती. केस काढलेले, अंगावर लाल आलवण. तिचे जग स्वयंपाकघरापासून मागच्या विहिरीपर्यंत. आबाकाकांचा तिच्यावर फार जीव. नागपुरी संत्री आणली की पहिले संत्रे स्वतः सोलून, बिया काढून तिच्या ताटलीत ठेवत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्ता दिसे, म्हणून तिथे त्यांनी वाळ्याचा पडदा लावून घेतला होता. "येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरा नकोत आक्काला." पडदा लावण्याआधी ती त्या खिडकीशी बसून काय पाहत असे, हे मात्र त्यांनी कधी विचारले नाही.

हे सगळे सांगितल्याशिवाय तुळशीरामचा खटला तुम्हाला कळणार नाही.

तुळशीराम भातकुलीकडचा माळी, तरुण, बायको वारलेली. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून त्याचे आपल्या चुलतभावाशी भांडण होते. एके दिवशी सकाळी तो चुलतभाऊ शेताकडच्या वाटेवर, पांदणीत मेलेला सापडला, डोक्यात घाव. एका साक्षीदाराने सांगितले, पहाटेच्या धुक्यात मी तुळशीरामला तिथून पळताना पाहिले. खुनाचा आरोप, जवळ वकील लावायची ऐपत नाही. अशा आरोपीला कोर्ट सरकारी खर्चाने वकील देई. बहुतेक वेळा ते काम एखाद्या नवशिक्याच्या गळ्यात पडे. आबाकाकांचा नेम होता की असले एखादे काम आपण मागून घ्यायचे. तुळशीराम नशीबवान आहे, असे तेव्हा सगळे म्हणाले.

पुढचे बोलणे मी आबाकाकांच्याच तोंडून ऐकले आहे, पुष्कळ वर्षांनी. तुरुंगात ते त्याला भेटायला गेले, तेव्हा तुळशीरामने सरळ सांगितले, "साहेब, मी पहाटपासून कौतिकाच्या मळ्यात मोट हाकून राहिलो होतो. तिची पानी घ्याची पाळी होती."

"कौतिका कोण?"

"शेजारची आहे. नवरा मेला तिचा."

"तिथे आणखी कोण होतं?"

"ते होती ना. वाफ्यात पान्याची दारं धरून होती."

"दुसरं कोणी?"

"नाई जी. दोघंच."

आबाकाकांनी कपाळाला हात लावला. एक विधवा, एक परका पुरुष, पहाटेचा अंधार. "हे नाव पुन्हा काढू नकोस," त्यांनी सांगितले. "जज्जसाहेबांनी विचारलं, तू कुठे होतास, तर म्हण, मला काही सांगायचं नाही. तुझ्यासाठी एका बाईचा जन्म मातीत जायला नको. मी आहे ना."

तुळशीराम म्हणाला, "तुमी म्हनता तसं."

खटला गाजला. धुक्यातल्या साक्षीदाराला आबाकाकांनी असे काही पिळले की तो शेवटी आपण घरातून कधी निघालो हेच विसरला. बाबा घरी येऊन जेवताना त्या उलटतपासणीची नक्कल करत होते. आणि निकाल लागला तो जन्मठेपेचा. जज्जांनी लिहिले की साक्षीदार थोडा गोंधळला हे खरे, पण आरोपी त्या वेळी कुठे होता हे सांगायची संधी त्याला दिली असता त्याने तोंड उघडले नाही, आणि निरपराध माणूस असा गप्प राहत नसतो.

निकालानंतर थोड्याच दिवसांनी कौतिका आली. मी तेव्हा आक्कांजवळ बसून मटार सोलत होते. भाजीवाल्या बायका मागच्या दाराने येत. ही पुढच्या दाराने आली आणि थेट ओसरीवर चढून आबाकाकांच्या बैठकीसमोर उभी राहिली. सावळी, उंच, डोक्यावरचा पदर उन्हाने विटलेला. आबाकाका सवयीप्रमाणे भिंतीकडे पाहू लागले.

"इकडे पाहा वकीलसाहेब," ती म्हणाली. "मले साक्षीले काहून नाई बोलावलं?"

"कोण तू, बाई?"

"कौतिका. तुळशीराम माह्या मळ्यात होता त्या पहाटे. तुमाले त्यानं सांगतलं होतं का नाई?"

"सांगितलं होतं."

"मंग?"

आबाकाका हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या अब्रूसाठी, बाई. भर कोर्टात तू सांगणार, अंधारात आम्ही दोघंच होतो. गाव तुला जगू देतं का?"

तिला राग यायच्या आधी नवल वाटले असावे. "बाप्पा! अब्रू माही, आन् पुसलं कोनाले? अजी, आमच्यात पाट लागते. त्याचा न् माहा पाट ठरला होता. सुगी झाली का लागनार होता. अख्ख्या गावाले मालूम. माहा सासराच म्हने, तुळशीरामले बोलाव मोटंवर, तो आता घरचाच. पोलिसाले सांगतलं तं त्यानं लिहून नाई घेतलं, म्हने वकिलाले सांग. मी कोर्टाच्या बाहेर लिंबाखाली बसून राहिली रोज. म्हटलं, तुळशीरामनं वकिलाले सांगतलंच असन, आता पुकारतीन, मंग पुकारतीन."

मुलांनो, हे तुम्हाला समजावून सांगायला हवे. आमच्यासारख्या घरांत विधवेचे पुन्हा लग्न होत नसे. माळ्यांत होई, त्याला पाट म्हणत, आणि त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. हे आबाकाकांना ठाऊक नव्हते असे नाही. पाटावरून झालेल्या मारामाऱ्यांचे खटले त्यांनी स्वतः चालवले होते. पण 'नवरा मेला तिचा' हे शब्द कानावर पडले आणि त्यांच्या डोळ्यांसमोर आक्का उभी राहिली. मग त्यांनी भातकुलीच्या एका माळणीला आपल्या घरातले आलवण नेसवले.

"कोर्टाच्या बाहेर बसली होतीस?" त्यांनी विचारले.

"तुमी रोज माह्यासमोरून गेले. लिंबाकडे पाठ करून."

तेवढ्यात आक्का उठल्या. ओसरीवर पक्षकार असताना त्या कधी बाहेर आल्या नव्हत्या. त्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या, कौतिकेकडे पाहिले आणि भावाला म्हणाल्या, "आबा, तुला विचारायची सवयच नाही रे." त्यांच्या आवाजात राग नव्हता. कौतिकेला त्यांनी आत बोलावले, पाणी दिले. ती पाणी न पिताच निघून गेली.

त्या दिवसापासून गोठ्यातली तालीम बंद झाली.

अपील करायचे होते. आबाकाकांनी ठरवले की वरच्या कोर्टात आपण वकील म्हणून जायचे नाही. स्वतः प्रतिज्ञेवर लिहून द्यायचे की आरोपीने मला साक्षीदाराचे नाव सांगितले होते, मी माझ्या चुकीच्या समजुतीने तिला बोलावले नाही, तिला विचारलेही नाही आणि आरोपीला गप्प बसवले. यात आरोपीचा दोष नाही. तेव्हा त्या बाईची साक्ष आता तरी घ्यावी.

हे कळताच बाबा मधल्या दारातून तरातरा गेले. पाठोपाठ बारमधले आणखी दोघे-तिघे आले. मी भिंतीशी उभी होते.

"काय करून राहिला तू, आबा?" बाबा म्हणाले. "अपिलात कायद्याचे मुद्दे काय कमी आहेत? साक्षीदार कच्चा आहे, तो मुद्दा घे. स्वतःवर चिखल कशाला?"

"चिखल नाही. झालं ते लिहितो आहे."

एकजण म्हणाला, "आज तुम्ही लिहाल. उद्या प्रत्येक शिक्षा झालेला बदमाश म्हणेल, माझ्या वकिलाने घोटाळा केला. मग आपण कोर्टात जायचं का तोंड लपवायचं?"

"ज्याने घोटाळा केला त्याने लपवावं."

बाबांनी आवाज खाली आणला. "वकील वकिलाच्या विरुद्ध बोलत नाही, आबा. हा आपला रिवाज आहे."

"मी कोणाच्या विरुद्ध बोलतो आहे? माझ्याच ना? मग रिवाजाला काय होतं?"

पण आबाकाकांचे ते लिखाण कोर्टापुढे वाचायला अमरावतीतला एकही वकील तयार झाला नाही. बाबाही नाहीत. शेवटी आबाकाका स्वतः अकोल्याला गेले आणि नुकती सनद घेतलेल्या एका तरुणाला घेऊन आले. त्याचा बिचाऱ्याचा आवाज वरच्या कोर्टात फुटला म्हणे.

अपील फेटाळले गेले. बाबांनी बातमी आणली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता, हे मला अजून दिसते. न्यायमूर्तींनी लिहिले होते की या वकिलांचा अनुभव आणि कसब सर्वश्रुत आहे. असा वकील साक्षीदाराला बोलावत नाही तेव्हा त्यामागे विचार असतो. पक्षकाराची शिक्षा टळावी म्हणून मनाच्या मोठेपणाने ते आता स्वतःवर दोष ओढून घेत आहेत. त्या मोठेपणाचा आदर करून, नवी साक्ष घ्यायचे कारण आम्हाला दिसत नाही.

त्यांच्या जागी एखादा नवशिका असता तर कदाचित कौतिकेची साक्ष झाली असती. आबाकाकांचे नाव मोठे होते, म्हणून ते चुकले यावर कोणी विश्वास ठेवला नाही.

आणि मग आम्ही काय केले? आम्ही पानसुपारी केली. बारमधल्या मंडळींना वाटले, वरच्या कोर्टाने आबासाहेबांची लाज राखली, शिवाय भर निकालपत्रात स्तुती केली, तर त्यांचा सत्कार व्हायला हवा. आमच्याच ओसरीवर सतरंज्या घातल्या. आईने चिवडा आणि बेसनाचे लाडू केले. गुलाबपाणी शिंपडले गेले. बाबांनी निकालपत्रातला तो भाग इंग्रजीत मोठ्याने वाचून दाखवला. त्यांचे इंग्रजी सुरेख होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आबाकाका मधोमध बसले होते. गळ्यात हार. त्यांनी लाडू हातात धरला होता, तो कुस्करून त्याचा भुगा धोतरावर पडत होता. कोणीतरी म्हणाले, "आबासाहेब, दोन शब्द."

ते उठले. त्यांनी धोतरावरचा भुगा झटकला. मग म्हणाले, "तो तिथे आहे. आपण इथे लाडू खातो आहोत." आणि हार गळ्यातच ठेवून, ठेंगण्या दारातून वाकून आपल्या घरी गेले.

मग एकाने "फार मनाला लावून घेतलंय" म्हटले, आणि चिवडा पुन्हा फिरला. मधले दार त्यानंतर कोणत्या बाजूने बंद झाले हे मला सांगता येणार नाही, पण ते बंद झाले. त्या संध्याकाळची लाज मला आजही वाटते. आम्ही कोणी दुष्ट नव्हतो. त्यांच्यावर आमचे प्रेम होते. एका माणसाला 'मी चुकलो' असे म्हणायचे होते, आणि आम्ही प्रेमाने त्याचे तोंड दाबले.

वर्षभरात त्यांनी अमरावती सोडली आणि अकोल्याला बिऱ्हाड केले. माझे लग्न होऊन मीही अकोल्याला आले, म्हणून पुढचे आबाकाका मला पाहायला मिळाले. ते वाळले होते. रुमाल जाऊन साधी टोपी आली होती. जे काम कोणी घेत नाही ते घेत. बैलगाडीने गावोगाव जाऊन आरोपीच्या घरच्या बायकांना समोर बसवून विचारत, "तुम्हाला काय ठाऊक आहे? साक्षीला याल का?" तरुण वकील मागे हसत. "आबासाहेब आता चुलीचीही साक्ष काढतात."

विचारायचे त्यांना वेडच लागले होते. मी चहा दिला तर म्हणत, "तुला वेळ आहे ना ग? उगाच माझ्यासाठी नको." भाजीवालीला विचारत, "टोपली खाली ठेवायची आहे का?" ती बिचारी घाबरून पुढे जाई. आक्कांना त्यांनी विचारले, तुला काय हवे आहे? आक्का मला हे हसत हसत सांगत होत्या. "म्हटलं, आता विचारतोस होय? इतक्या उशिरा काय मागू, आठवायलाच पुष्कळ वेळ लागला." मग त्यांनी मागितले ते एवढेच, की मला ओसरीवर बसू दे. अकोल्याच्या त्या बिऱ्हाडात आक्का रस्त्याकडे तोंड करून ओसरीवर बसत, भाजी निवडत, आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना हाक मारून भाव विचारत.

तुळशीराम तुरुंगातच तापाने गेला. आबाकाका त्याला भेटायला जात, पण तो भेटायला नकार देई, असे मला आक्कांकडून कळले. कौतिकेने पुढे पाट लावला की नाही, मला माहीत नाही. आमच्यापैकी कोणी चौकशी केली नाही.

शेवटचे त्यांना पाहिले ते उन्हाळ्यात. कोर्टातून परस्पर माझ्याकडे आले. घामाने कोट पाठीला चिकटला होता. पाणी प्यायले आणि एकदम बोलू लागले. एका कैद्याचे अपील ते चालवत होते. त्याच्या पहिल्या वकिलाने महत्त्वाचा साक्षीदार बोलावला नव्हता, आणि तोच त्यांचा मुद्दा होता. समोरच्या सरकारी वकिलाने निकालांचे एक छापील पुस्तक उघडले आणि वाचू लागला.

"मला पहिल्या ओळीतच कळलं," आबाकाका म्हणाले. "तुळशीरामचा निकाल. छापला गेला आहे तो. आता कोणी म्हणालं, माझा वकील चुकला, की तो निकाल काढतात आणि तोंड बंद करतात. त्या पोरगेल्या सरकारी वकिलाला ठाऊक नव्हतं की मीच तो. मी उठून सांगितलं, साहेब, यातला वकील मीच, आणि यात लिहिलंय ते खरं नाही. मी खरोखरच चुकलो होतो."

"मग?"

"जज्ज भला माणूस आहे. हसला. म्हणाला, तर मग आबासाहेब, नियम काय आहे ते आपल्याला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार."

त्यांनी टोपी घातली. मी म्हटले, उन्हं उतरेपर्यंत थांबा. ते म्हणाले, "नको, त्याची बायको स्टेशनवर बसली आहे. अपील फेटाळलं, हे तिला सांगायचं आहे." मी दारात उभी राहिले. वाटेत एक बाई डोक्यावर घागर घेऊन समोरून येत होती. आबाकाका थांबले, तिच्याकडे नीट पाहिले आणि तिला जायला वाट करून दिली. मग ते वळणाआड गेले. त्याच पावसाळ्यात ते वारले.

रेवती, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. म्हणता येत होते, आणि एकाने म्हटलेही होते. आता ती माणसे नाहीत. अमरावतीची दोन्ही घरे पाडून तिथे दुकाने झाली आहेत. तो निकाल मात्र छापील आहे आणि वकिलांच्या कपाटांत अजून आहे. त्यात आबासाहेब चुकलेले नाहीत.

तुमची,
आजी